त्याला येतं, फक्त शब्द सापडत नाही



वर्गात शिकवताना आपण सगळेच एक गोष्ट गृहीत धरतो. मुलाला उत्तर येत असेल तर तो ते सांगेल. सांगत नाही, म्हणजे येत नाही. मीही कित्येक वर्षं हेच धरून चाललो होतो. एका मुलाने आणि त्याच्या आईने माझी ही समजूत मोडली. तो प्रसंग आधी सांगतो, मग मुद्द्यावर येतो.

सहावीतला मुलगा. वडिलांच्या मागे मोटारसायकलवर बसून बाजाराहून येत होता. संध्याकाळची वेळ, रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली दिसली नाही. वडील बचावले, मुलाच्या डोक्याला डाव्या बाजूला जबर मार लागला. शस्त्रक्रिया झाली. तीन महिन्यांनी तो शाळेत आला तेव्हा डोक्यावरचे केस नुकते उगवत होते. चालत होता, हसत होता, मित्रांना ओळखत होता. आम्ही सगळ्या शिक्षकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पोर वाचलं, आता अभ्यास भरून काढला की झालं, असं आम्ही म्हणालो.

पंधरा दिवसांनी मी वर्गात चित्रं दाखवून तोंडी प्रश्न विचारत होतो. त्याच्या वाट्याला कंदिलाचं चित्र आलं. तो उभा राहिला. "ते... रात्री... लाईट गेल्यावर... काच असते त्याला... आजी पुसते..." मुलं हसायला लागली. आणि मी, भाषेचा शिक्षक, म्हणालो, "अरे, एवढं साधं नाव येत नाही? सहावीत आलास कसा?"

तो खाली बसला. त्या दिवसानंतर त्याने हात वर केला नाही. महिन्याभरात शाळेत येणंही कमी झालं. शेवटी आई भेटायला आली. ती रागावली नव्हती. एवढंच म्हणाली, "सर, त्याला सगळं ठावं हाय. नाव तेवढं घावत नाय."

त्या माउलीने एका वाक्यात जे सांगितलं, ते समजून घ्यायला मला पुढे बरंच वाचावं लागलं. ज्या मुलाने काच, रात्र, वीज जाणं, आजीचं पुसणं एवढं सगळं सांगितलं, त्याला कंदील माहीत नाही असं मी म्हणालो होतो! आमच्या दोघांपैकी न समजलेला मी होतो.

जीभ शाबूत, भाषा जखमी

मेंदूला इजा झाल्यामुळे भाषा बिघडते त्या स्थितीला वाचाघात म्हणतात. इंग्रजी नाव अफेझिया. आपल्याकडे "वाचा गेली" किंवा "वाचा बसली" म्हणतात. पण यात घोटाळा असा होतो, की आपल्याला वाटतं बिघाड जिभेत किंवा घशात आहे. जीभ लुळी पडून उच्चार अस्पष्ट होणं हा वेगळा त्रास आहे. तोतरेपणा वेगळा. वाचाघातात जीभ, ओठ, कान ठीक असूनही माणसाला शब्द शोधणं, वाक्य जुळवणं, ऐकलेलं समजणं, वाचणं किंवा लिहिणं जड जातं.

याचा पुरावा हवा असेल तर मूकबधिर माणसांकडे पाहा. खुणांची भाषा जन्मापासून वापरणाऱ्या काही व्यक्तींच्या मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली तेव्हा त्यांची खुणांची भाषा विस्कळीत झाली. हात नीट हलत होते, पण खुणांचं व्याकरण कोलमडलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी 1980 च्या दशकात याचा तपशीलवार अभ्यास केला. म्हणजे भाषा जिभेवर राहत नाही, ती मेंदूत राहते.

पॅरिसमधला "टॅन"

या विषयाची सुरुवात जिथून सांगितली जाते ती गोष्ट शिक्षकांनी तरी नक्की माहीत करून घ्यावी अशी आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लेबोर्न नावाचा एक रुग्ण 21 वर्षं राहत होता. काहीही विचारलं तरी तो फक्त "टॅन, टॅन" एवढंच म्हणायचा, म्हणून सगळे त्याला टॅन म्हणूनच ओळखत. एप्रिल 1861 मध्ये पायाच्या गंभीर आजारामुळे त्याला शस्त्रक्रिया विभागात हलवलं, तेव्हा पॉल ब्रोका या डॉक्टरांनी त्याला तपासलं.

ब्रोकांनी त्याला विचारलं, इथे येऊन किती वर्षं झाली? त्याने डाव्या हाताची पाची बोटं चार वेळा उघडली आणि मग एक बोट दाखवलं. एकवीस. उत्तर बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र, आपली परीक्षा चालली आहे हे ओळखून तो चिडला आणि त्याच्या तोंडून एक शिवी बाहेर पडली. "टॅन" खेरीज त्याला एवढंच बोलता येत असे, तेही राग आला की.

थोड्याच दिवसांत तो वारला. ब्रोकांना त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कपाळामागच्या खालच्या भागात, मोठी इजा आढळली. पुढे असेच आणखी रुग्ण तपासून 1865 मध्ये त्यांनी सांगितलं, की आपण बोलतो ते मेंदूच्या डाव्या गोलार्धाच्या आधारे. त्या भागाला आजही ब्रोकाचं क्षेत्र म्हणतात.

मला यातली शास्त्रीय बाजू महत्त्वाची वाटतेच, पण त्याहून ती बोटं महत्त्वाची वाटतात. एकही शब्द नसलेल्या माणसाला हिशेब येत होता, आठवण होती, आणि आपल्याला पुन्हा पुन्हा तपासलं जातंय याचा अपमानही कळत होता. आपल्या वर्गात असं मूल असतं, तर आपण त्याला कोणती श्रेणी दिली असती?

बिघाड एकाच प्रकारचा नसतो

1874 मध्ये कार्ल वेर्निके या अवघ्या 26 वर्षांच्या जर्मन डॉक्टरने दुसरा प्रकार दाखवून दिला. मेंदूच्या डाव्या बाजूलाच, पण कानाच्या वरच्या-मागच्या भागात इजा झालेली माणसं भराभर बोलतात. चढउतार अगदी नेहमीसारखा, पण बोलण्यात अर्थ नसतो. शब्द बदललेले असतात, काही तर भाषेत नसलेलेच. आणि समोरच्याचं बोलणंही त्यांना नीट कळत नाही. घरचे लोक म्हणतात, "याला वेड लागलं." वेड लागलेलं नसतं.

आपल्या मराठीत हे कसं दिसेल याचा अंदाज यावा म्हणून मी दोन नमुने तयार केले आहेत. "आई बाजारातून भाजी आणते" हे वाक्य घ्या. पहिल्या प्रकारच्या, म्हणजे ब्रोका प्रकारच्या बोलण्यात ते असं येईल: "आई... बाजार... भाजी... आण..." मुख्य शब्द येतात, पण प्रत्यय गळतात किंवा भलतेच लागतात, आणि प्रत्येक शब्दासाठी झटापट करावी लागते. दुसऱ्या प्रकारात असं काही येईल: "अहो, तिने ना ते वरचं भाडणं केलं, मग तिकडून सगळं नेहमीसारखं करून ठेवलं." वाक्य सुरळीत, पण हाती काहीच लागत नाही.

तिसरा प्रकार सगळ्यांत सहज नजरेआड होणारा. बोलणं नीट, समजणंही बऱ्यापैकी, फक्त नेमक्या वेळी नेमकं नाव सापडत नाही. माझ्या विद्यार्थ्याचा त्रास मुख्यतः हाच होता. शब्द ओठांवर येऊन अडकणं आपल्याला अधूनमधून होतं. त्याला ते दिवसभर व्हायचं.

एक गोष्ट स्पष्ट करतो. मेंदूत भाषेची एक-दोन कप्पेबंद खोल्या आहेत असं समजू नका. लेबोर्नचा मेंदू पॅरिसमध्ये जतन करून ठेवला आहे. 2007 मध्ये संशोधकांनी एमआरआय करून त्याचा नव्याने अभ्यास केला, तेव्हा इजा ब्रोकांना वरून दिसली त्यापेक्षा खूप खोलवर, वेगवेगळ्या भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली दिसली. भाषा हे एक जाळं आहे. गावं शाबूत असून रस्ता वाहून गेला तरी एसटी पोहोचत नाही, तसंच हे. म्हणून दोन रुग्णांचा त्रास सहसा तंतोतंत सारखा नसतो.

मोठ्यांना आणि लहानांना

मोठ्या माणसांत वाचाघाताचं सगळ्यांत नेहमीचं कारण पक्षाघात, म्हणजे आपल्या भाषेत "अंगावरून वारं जाणं". मेंदूचं वजन शरीराच्या साधारण 2 टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूतला सुमारे 20 टक्के तो एकटा वापरतो. त्याचा रक्तपुरवठा थांबला की काही मिनिटांतच पेशी मरू लागतात. उजव्या हाताने काम करणाऱ्या सुमारे 95 टक्के लोकांची भाषा डाव्या गोलार्धात असते आणि डावा गोलार्ध शरीराची उजवी बाजू चालवतो. उजवं अंग लुळं पडलं की त्यासोबत वाचाही जाते असं आपण पाहतो, त्याचं कारण हे आहे.

इथे पालकांना हात जोडून सांगणं आहे. कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात वर उचलेना, बोलणं अडखळू लागलं, तर तेल चोळत बसू नका आणि सकाळ होण्याची वाट पाहू नका. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. तेही सीटी स्कॅन करून, डॉक्टरांनी योग्य ठरवलं तरच. म्हणून सीटी स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यात ताबडतोब न्या आणि त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा.

मुलांमध्ये कारणं वेगळी असतात: अपघातातली डोक्याची इजा, मेंदूज्वर, मेंदूतली गाठ, काही प्रकारची अपस्मार म्हणजे फिट्सची व्याधी. 1957 मध्ये लँडाऊ आणि क्लेफनर यांनी अशी मुलं नोंदवली, जी आधी चांगली बोलत होती आणि फिट्सच्या आजारात त्यांची भाषा गेली. अशा मुलाला आवाज ऐकू येतो, पण शब्दांचा अर्थ लागेनासा होतो. घरच्यांना वाटतं बहिरं झालं, शाळेला वाटतं हट्टी झालं. बोलत असलेलं मूल बोलणं कमी करू लागलं, तर त्याला हट्ट समजण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

अर्थात, उशिरा बोलणाऱ्या किंवा वाचनात अडखळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मेंदूला इजा झालेली असते असं मुळीच नाही. उगाच घाबरू नका. मी बोलतोय ते आधी मिळवलेली भाषा नंतर हरवण्याबद्दल.

"बोलायला लागला, म्हणजे बरा झाला"?

आता माझं खरं म्हणणं. मुलांच्या बाबतीत आपण एक वाक्य फार सहज म्हणतो: "लहान आहे, मेंदू कोवळा आहे, आपोआप भरून येईल." हे अर्धं खरं आहे. मुलांचा मेंदू मोठ्यांपेक्षा लवचीक असतो आणि ती पुन्हा लवकर बोलू लागतात, हे खरं. पण रोजचं बोलणं परत येणं आणि शाळेची भाषा झेपणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

घरी काय बोलायचं असतं? जेवण दे, खेळायला जातो, दप्तर कुठाय. ही वाक्यं लहान असतात आणि समोर वस्तू असते. शाळेत मात्र आपण म्हणतो, "पान 42 उघडा, तिसरा उतारा मनात वाचा आणि त्यातल्या विशेषणांखाली रेघ मारा." माझा विद्यार्थी पान उघडून बसायचा आणि पुढचं काहीच करायचा नाही. मला वाटायचं, आळशी. प्रत्यक्षात माझं वाक्य संपेपर्यंत त्याच्या हाती पहिला तुकडाच उरलेला असायचा. शिवाय शाळा रोज नवे शब्द देते. इयत्ता वाढते तशी वाक्यं लांबतात, विषय अमूर्त होतात. म्हणून जो त्रास सहावीत जाणवला नाही तो आठवीत ठळक होतो, आणि तोवर अपघात सगळे विसरलेले असतात. मूल "अभ्यासात कच्चं" ठरतं.

माझं ठाम मत आहे, की अशा मुलांचं सगळ्यांत मोठं नुकसान अपघात करत नाही, तर "हा आता बरा आहे" हा आपला शेरा करतो. कारण बरा आहे म्हटलं की मदत थांबते आणि दोष सुरू होतो.

काही शिक्षक मित्र यावर म्हणतात, "सर, वर्गात पन्नास मुलं, माहिती भरायची कामं वेगळी. एकट्यासाठी वेगळं काय करणार?" त्यांची तक्रार खोटी नाही, मीही त्याच वर्गात उभा असतो. पण यातल्या बहुतेक गोष्टींना वेगळा तास लागत नाही. आईच्या भेटीनंतर मी ज्या केल्या त्या सांगतो:

1. सूचना तोडून दिली. आधी "पान 42 उघडा". सगळ्यांनी उघडल्यावर पुढची. याचा फायदा त्याच्यासोबत इतर दहा मुलांना झाला.

2. प्रश्न विचारून मनात दहा अंक मोजू लागलो. शिक्षकाला ही शांतता फार लांब वाटते. त्याला तेवढी लागते.

3. शब्द अडला की तो लगेच पुरवला नाही. "त्याचा उपयोग काय? पहिलं अक्षर कोणतं?" असं विचारलं. तरीही आला नाही तर पर्याय दिले: "कंदील की पणती?" सापडला नाही तर पुढे गेलो. रागावलो नाही.

4. हातवारे, चित्र, बोट दाखवणं, वर्णन करणं हे सगळं उत्तर म्हणून स्वीकारलं. "बरोबर, त्यालाच आपण कंदील म्हणतो."

5. वर्गाला खरं सांगितलं: "पायाला लागलं की माणूस लंगडतो. याच्या डोक्याला लागलंय, म्हणून त्याचे शब्द लंगडतात." मुलं हसायची थांबली. मुलांना नीट सांगितलं तर ती आपल्यापेक्षा लवकर समजून घेतात.

हे उपचार नव्हेत. उपचार स्पीच थेरपिस्टनेच करायचे. शिक्षकाने फक्त वाट मोकळी ठेवायची.

घरची भाषा तोडू नका

आणखी एक चूक घडताना दिसते. मूल घरी अहिराणी, गोंडी, कोकणी किंवा बंजारा बोलतं आणि अपघातानंतर कुणीतरी सल्ला देतं, "आता याच्याशी एकच भाषा बोला, शाळेचीच." बहुभाषिक माणसाची कोणती भाषा आधी परत येते यावर शंभरहून जास्त वर्षं विचार चालू आहे. रिबो या फ्रेंच अभ्यासकाचा कल पहिल्या, म्हणजे बालपणीच्या भाषेकडे होता. 1895 मध्ये पित्र या डॉक्टरांनी म्हटलं, की आजारपणापूर्वी जी सर्वांत जास्त वापरात होती ती. प्रत्यक्ष रुग्णांत दोन्ही प्रकार दिसतात, आणि पुष्कळदा दोन्ही भाषा सोबतच सुधारतात. मग जी भाषा आजीच्या मांडीवर मिळाली ती बंद करून मुलाचा काय फायदा? ज्या भाषेत शब्द सापडेल त्या भाषेत सापडू द्या.

मोठ्या माणसांतही असंच एक दार उघडं राहतं. आमच्या गावातल्या एका निवृत्त गुरुजींना पक्षाघातानंतर स्वतःच्या मुलाचं नाव घेता येत नव्हतं, पण वारांची नावं, पाढे, रोजची आरती ते ओळीने म्हणायचे. लोकांना वाटायचं, नाटक करतात. ते नाटक नसतं. पाठ झालेलं, चालीवर बसलेलं बोलणं मेंदू वेगळ्या तऱ्हेने हाताळतो, म्हणून ते पुष्कळदा टिकून राहतं. याच जाणिवेतून 1970 च्या दशकात अमेरिकेत चालीवर वाक्यं म्हणवून घेण्याची उपचारपद्धती तयार झाली. सगळ्यांना तिचा गुण येतो असं नाही, पण घरच्यांनी आजोबांसोबत आरती म्हणायला कोणाची परवानगी लागते?

कायदा काय म्हणतो

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारचं दिव्यांगत्व मानलं आहे. त्यात "वाक् व भाषा दिव्यांगत्व" हा स्वतंत्र प्रकार आहे आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचा उल्लेख आहे. त्रास कायमस्वरूपी ठरला तर प्रमाणपत्र आणि त्यासोबतच्या परीक्षेतल्या सवलती मागता येतात. पालकांनी मुख्याध्यापकांशी आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांशी बोलावं. तपासणीसाठी मुंबईला वांद्रे इथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. जिल्हा रुग्णालयातही चौकशी करावी.

कायद्याचंच आणखी एक. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर दुचाकीवरच्या चार वर्षांवरील प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, मागे बसणाऱ्या मुलालाही. शाळेच्या फाटकात रोज सकाळी उभं राहून मोजा, किती मुलांच्या डोक्यावर ते असतं. आपण मुलासाठी महागडी वॉटरबॅग घेतो. ज्या डोक्यात भाषा आहे ते उघडं ठेवतो.

तो मुलगा पुढे नियमित येऊ लागला. त्याचे सगळे शब्द परत आले असं मी सांगणार नाही. आजही तो अडखळतो, लेखनात प्रत्यय चुकवतो. पण दहावीला बसायचं म्हणतो. परवा भेटला तेव्हा माझ्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाला, "सर, तुमचं ते... हे... पडतंय." मी वाट पाहिली. मनात सातपर्यंत मोजलं असेल. "चष्मा," तो म्हणाला आणि हसला.

सात अंक मोजायला किती वेळ लागतो, उद्या वर्गात करून पाहा.